पोरगा अंगातला सदरा काढीत नाही, तेव्हा

वाचकहो, घरातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा काल-परवापर्यंत विहिरीत मुटके मारीत होता आणि आता पोहायला जात नाही. उन्हाळ्यात अंगणात उघड्याने झोपणारा पोरगा बनियनवर सदरा आणि सदऱ्यावर जुना स्वेटर चढवून बसतो. आंघोळीला गेला की मोरीचे दार ओढून घेतो. खांदे पुढे टाकून, छाती आत घेऊन म्हाताऱ्यासारखा वाकून चालतो. आई म्हणते, वयात आला, लाजायला लागला. बाप म्हणतो, मोबाइलने बिघडवला. दोघांचेही थोडेथोडे खरे असेल. पण एकदा त्याला एकट्याला गाठून हळूच विचारा, "छातीला काही दुखतंय का रे?" पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईल, आणि ते देताना पोराचे डोळे भरून येतील.

या सदरात आपण तुरीवरच्या मर रोगाबद्दल बोललो, चक्रीभुंग्याबद्दल बोललो, ठिबकच्या नळ्या साफ कशा ठेवाव्यात तेही बोललो. शेतीखात्याच्या माणसाने मुलाच्या छातीबद्दल का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सरळ आहे. विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना पिकाची चौकशी संपली की माणसे बांधावर घरचे बोलतात. डॉक्टरपुढे जे तोंडातून निघत नाही ते विस्तार अधिकाऱ्यापुढे निघते, कारण त्याच्या हातात सुई नसते. हा विषय माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे की आता तो लिहूनच टाकावा असे वाटले. औषधोपचार सांगणे माझे काम नव्हे, तो डॉक्टरांचा अधिकार. पण नीट माहिती असली तर निम्मी भीती तिथेच संपते.

तर प्रथम हे पक्के लक्षात घ्या, की वयात येणाऱ्या मुलाच्या स्तनाग्राखाली गाठ येणे, छाती थोडी वर येणे, ती दुखणे, हे अतिशय सर्रास घडणारे आहे. वयात येणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना हे कमीअधिक प्रमाणात होते. कोणाला नुसती बोराएवढी गाठ हाताला लागते आणि कळत-नकळत जिरून जाते. कोणाची छाती सदऱ्यातून दिसण्याइतकी वाढते. बहुधा १० ते १४ या वयात सुरुवात होते, तेराव्या-चौदाव्या वर्षी जोर असतो, आणि बहुतेकांचे सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. सतराव्या वर्षापर्यंत फारच थोड्या मुलांचे शिल्लक राहते. कधी एकाच बाजूला होते, कधी दोन्ही बाजूंना. एक बाजू मोठी, दुसरी लहान असेही असते. एकाच बाजूला आले म्हणून काही वाईटच असेल, असे समजण्याचे कारण नाही.

आता हे होते का? पुरुषाच्या छातीत स्तनाची ग्रंथी नसते, असा आपला समज आहे. तो खरा नाही. गर्भात मुलगा-मुलगी असा भेद उमटण्यापूर्वीच स्तनाचा पाया घातला जातो, म्हणून पुरुषालाही स्तनाग्रे असतात. आपल्या गोठ्यात पाहा, बोकडाला आणि गोऱ्ह्यालाही बारीक सड असतात. दुधाळ जातीच्या शेळ्यांच्या वंशात एखाद्या बोकडाच्या कासेत दूध उतरल्याची उदाहरणे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहेत, आणि तसला बोकड पाहायला गावे लोटतात. म्हणजे बी प्रत्येकाच्या अंगात असते, ओल मिळाली की फुगते.

ही ओल म्हणजे संप्रेरके. पुरुषाच्या शरीरात पुरुषी संप्रेरक असते तसे थोडे स्त्री-संप्रेरकही असते. बाईच्या अंगातही दोन्ही असतात, प्रमाण उलटे. मुलगा वयात येऊ लागला की वृषण कामाला लागतात. त्यांनी तयार केलेल्या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग शरीरातच बदलून स्त्री-संप्रेरक होतो. सुरुवातीच्या वर्षा-दोन वर्षांत हा तोल नीट बसलेला नसतो. कालव्याला पाळीचे पहिले पाणी सुटले की ते ठरल्या सरीतच जाते असे थोडेच आहे? एखादा दंड फुटतो, भलत्याच वाफ्यात पाणी शिरते, आणि दोन दिवसांत सगळे रांगेला लागते. तसेच हे. पुरुषी संप्रेरक पुरेसे वाढले, आवाज फुटला, मिशी आली, की पारडे फिरते आणि गाठ विरू लागते.

एक जुनी गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या छावण्यांत उपाशी राहिलेले सैनिक सुटून आले आणि त्यांना पोटभर सकस अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या छातीला अशीच सूज आली. चांगले दणकट, लढून आलेले गडी ते! उपासमारीत मंदावलेले वृषणांचे काम पुन्हा सुरू झाले म्हणून शरीराने जणू दुसऱ्यांदा वयात आल्यासारखे केले. काही महिन्यांत सगळे ओसरले. त्यांच्या मर्दपणाबद्दल कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही.

पाळण्यातल्या बाळाचेही असेच. जन्मल्यावर चार-आठ दिवसांत पुष्कळ बाळांची छाती फुगते, कधी दुधासारखा थेंबही येतो. मुलगा असो की मुलगी. आईच्या अंगातली संप्रेरके वारेतून बाळाला गेलेली असतात, त्याचा तो परिणाम. आपल्याकडे मालीश करणारी बाई किंवा घरातली आजी ती छाती दाबून 'दूध काढते'. आयाबायांनो, हे अजिबात करू देऊ नका. त्याने जंतू शिरून गळू होते, बाळाला ताप भरतो, आणि मुलगी असेल तर पुढे तिच्या स्तनाच्या वाढीलाही बाधा येऊ शकते. हात न लावता काही आठवड्यांत ते आपले आपण जाते. मोठ्या मुलाच्या बाबतीतही हाच नियम. रोज चाचपून पाहू नये, तेल लावून रगडू नये, गरम वीट-मिठाची पुरचुंडी ठेवून शेकू नये, कसलाही लेप थापू नये. दाबून गाठ विरत नाही, उलट दुखते.

काही मुलांच्या बाबतीत गाठ नसतेच, नुसती चरबी असते. दोन्हींत फरक आहे आणि तो घरीही थोडाफार ओळखता येतो. मुलाने उताणे पडावे, अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणावी. स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट, नाण्यासारखी गोल चकती लागली तर ती ग्रंथी. बोटे काही न अडखळता मऊमऊ एकत्र आली तर चरबी. अंगाने स्थूल मुलांत बहुधा दोन्ही मिसळलेले असते, कारण पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करण्याचे काम चरबीतही चालते. चरबी असेल तर वजन उतरल्यावर छाती उतरते. त्यासाठी उपास-तापास नकोत. पुड्यांतले तळलेले खाणे आणि बाटलीतली गोड पेये बंद करावीत, भाकरी-भाजी-डाळ-ताक पोटभर द्यावे, आणि पोराला पुन्हा मैदानावर पाठवावे. मात्र घट्ट गाठ जोर-बैठकांनी विरत नाही, हेही मुलाला सांगून ठेवा. नाहीतर तो पहाटे उठून दोनशे जोर मारतो, आरशात पाहतो, आणि खचतो.

आता अफवांकडे वळू. हा भाग माझ्या खात्याशी जवळचा आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली अफवा सोयाबीनची. सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य असणारे वनस्पतिजन्य घटक असतात, हे खरे. त्यावरून 'सोयाबीन खाल्ल्याने पोरांना छाती येते' अशी भाषा मोबाइलवरून घरोघर गेली आहे. आपल्या राज्यात सोयाबीन पिकवणारी लाखो कुटुंबे आहेत, तेलही त्याचेच खातात, त्यांच्या मुलांना काही झालेले नाही. अमेरिकेत रोज पावणेतीन-तीन लिटर सोयादूध पिणाऱ्या एका साठीच्या गृहस्थांना छातीची तक्रार झाली आणि पिणे थांबवल्यावर ती ओसरली, अशी नोंद २००८ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. रोज तीन लिटर! गहू दळताना पायलीमागे दोन मुठी सोयाबीन टाकणाऱ्या किंवा आठवड्यातून एकदा सोयावडीची भाजी करणाऱ्या घराने याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

दुसरी अफवा ब्रॉयलर कोंबडीची. 'कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देतात, म्हणून ती चाळीस दिवसांत दोन किलोची होते, आणि तेच पोरांच्या अंगात उतरते.' ज्याच्या शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत त्याला विचारा, रोज पाच हजार इंजेक्शने द्यायला त्याच्याकडे माणसे आहेत का आणि पैसा आहे का? वाढीचे संप्रेरक खाद्यातून दिले तर कोंबडीच्या पोटात पचून जाते, त्याचा उपयोग शून्य. ब्रॉयलर लवकर वाढतो तो पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळे आणि समतोल खाद्यामुळे. प्रतिजैविकांचा अवाजवी वापर ही त्या धंद्यातली खरी दुखरी बाजू आहे, पण तिचा मुलाच्या छातीशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट म्हशीला पान्ह्यासाठी टोचतात त्या ऑक्सिटोसिनची. हे इंजेक्शन टोचणे वाईटच आहे. जनावराला त्याचा त्रास होतो, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारी इंजेक्शने देणे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानेच गुन्हा आहे. पण ते प्रथिनांच्या जातीचे द्रव्य आहे. दुधातून पोटात गेले तरी तिथे पचते. शिवाय ते मुळात स्त्रीत्वाचे संप्रेरक नव्हे, पान्हा सोडवणारे आहे. म्हशीसाठी ते बंद करा, पोराच्या दुधाचा पेला मात्र बंद करू नका. छातीच्या भीतीने दूध, अंडी, कडधान्य सगळे तोडून ऐन वाढीच्या वयात मुलाला सुकवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्याची मला फार हळहळ वाटते.

राहिली ती एक गोष्ट, जी पोरे मनातल्या मनात धरून बसतात आणि कोणाला विचारीत नाहीत. हाताच्या सवयीमुळे हे होते, अशी त्यांची खात्री असते. त्यातून अपराधी भावना, त्यातून झोप उडणे. हे साफ खोटे आहे. त्या सवयीचा आणि छातीचा काडीचा संबंध नाही. या गाठीमुळे मुलगा पुढे नामर्द होईल, त्याला मूल होणार नाही, हेही तितकेच खोटे. तेराव्या वर्षी गाठ आलेली माणसे आज आजोबा आहेत. फक्त ती गोष्ट कोणाला सांगत नाहीत.

खरी कारणे काही आहेत, ती मात्र माहीत असावीत. काही औषधांनी छाती वाढते. आम्लपित्तावरचे सिमेटिडीन, बुरशीवरच्या किटोकोनॅझोलच्या गोळ्या, मनाच्या आजारावरची काही औषधे, क्षयावरच्या गोळ्यांपैकी एखादी. म्हणून मुलगा कोणते औषध घेतो हे डॉक्टरांना सांगावे. क्षयाची किंवा मनाच्या आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, त्याने भलतेच संकट ओढवेल. दारूने यकृत बिघडले तरी हे होते, पण तो मोठ्यांचा विषय. पोरांच्या बाबतीत आजकाल मोठा धोका आहे तो 'बॉडी' बनवण्याच्या इंजेक्शनांचा. भरतीची तयारी करणारी, व्यायामशाळेत जाणारी पंधरा-सतरा वर्षांची मुले कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टिरॉइड टोचून घेतात, नाव-गाव नसलेल्या डब्यातली पावडर खातात. ते बाहेरून घातलेले पुरुषी संप्रेरकच असते. त्यातले बरेचसे अंगात बदलून स्त्री-संप्रेरक होते, आणि स्वतःचे वृषण काम सोडून बसतात. दंड फुगवायला गेलेला मुलगा छाती घेऊन परत येतो. तालमीतल्या वस्तादांनी यावर लक्ष ठेवावे.

मागे एका गावी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण पाहण्यासाठी गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवायचे काम चालले होते. काम आटोपल्यावर घरधनी मला बांधाच्या कडेला घेऊन गेला. त्याचा मुलगा नववीत. छाती वाढली म्हणून पंधरा-वीस दिवस शाळा बुडालेली. तालुक्याच्या गावी भिंतीवरची जाहिरात पाहून ते एका दवाखान्यात गेले होते. तिथे तपासणी न करताच 'ताबडतोब ऑपरेशन, नाहीतर कॅन्सर' असे सांगून मोठा आकडा लिहून दिलेला. घरात एक गाभण कालवड होती, ती पुढच्या बाजारी विकायचे ठरले होते. मुलाला बोलावले तर सदऱ्याखाली आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली. मे महिन्याच्या उन्हात घामाने पट्टीखाली कातडी लाल होऊन चिघळली होती. मी त्यांना एवढेच सांगितले, की कालवड विकण्याआधी एकदा ग्रामीण रुग्णालयात सरकारी डॉक्टरांना दाखवा, केसपेपरला काय लागतात ते पैसे. ते गेले. डॉक्टरांनी पाच मिनिटे नीट तपासले, चिघळलेल्या कातडीला मलम दिले, छातीच्या गाठीला काहीच दिले नाही, आणि सहा महिन्यांनी दाखवायला या म्हणून सांगितले. बापाला आधी ते पटेना. औषध न देणारा डॉक्टर आपल्याला डॉक्टर वाटतच नाही! पण पोरगा पट्टी सोडून शाळेत गेला. कालवड त्याच दावणीला व्याली. पुढच्या हंगामात पाहिले तेव्हा एका बाजूची गाठ गेली होती, दुसरी सुपारीएवढी उरली होती.

कॅन्सरचे म्हणाल तर पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो, नाही असे नाही. पण स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रोग्यांत एखादाच पुरुष असतो, आणि तो बहुधा साठीच्या आसपासचा. चौदा वर्षांच्या पोराला ती भीती घालणे हा धंदा आहे.

तरीही काही खुणा अशा आहेत की मग वाट पाहात बसू नये. मुलगा नऊ-दहा वर्षांच्या आतला आहे, वयात येण्याची दुसरी कोणतीच खूण नाही, आणि छाती वाढते आहे. गाठ स्तनाग्राच्या मधोमध नसून बाजूला आहे, दगडासारखी कठीण किंवा खडबडीत आहे, वरची कातडी ओढली गेली आहे, स्तनाग्रातून रक्त येते आहे. वृषणात गाठ लागते, किंवा दोन्ही वृषण वयाच्या मानाने फारच लहान आहेत. गालगुंड झाले असताना वृषण सुजले होते. चौदा वर्षे उलटली तरी वयात येण्याची चिन्हे नाहीत. वजन घटते आहे, डोळे पिवळे दिसतात. छाती अगदी थोड्या दिवसांत झपाट्याने वाढली, किंवा दोन वर्षे झाली तरी हलायचे नाव नाही. यातले एक जरी असले तरी लवकर दाखवा. काही मुलांत जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असते. साधारण सहाशे-सातशे मुलांत एक असा असतो, बहुधा उंच, हातपाय लांब, वृषण लहान. रक्त तपासून ते कळते आणि वेळेवर कळले तर संप्रेरकाचे उपचार करता येतात. अशी मुलेही शिकतात, संसार करतात.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वी मुलाला आधीच कल्पना द्या, की ते छातीबरोबर वृषणही तपासतील. ते तपासणे आवश्यकच असते. न सांगता नेले तर पोरगा तिथे बावरतो आणि पुन्हा जायला तयार होत नाही. सोबत बापाने किंवा मामाने जावे. आई गेली तर तिने तपासणीच्या वेळी पडद्याबाहेर थांबावे. आपल्या राज्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक चालवले जाते, तेथे अशाच प्रश्नांसाठी समुपदेशक असतात. केव्हा असते ते आशाताईंना विचारा. शाळा-अंगणवाडीत तपासणीला आरोग्यपथक येते त्यांनाही मुलाने बाजूला घेऊन सांगितले तरी चालते. आणि मुलगा फारच खचला, बोलेनासा झाला, जगण्याचा कंटाळा आला असे बोलू लागला, तर ते अंगचोरपणा म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या आरोग्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येते.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. सतरा-अठरा वर्षे झाली, वाढ दोन वर्षांहून जुनी आहे आणि जात नाही, तर शस्त्रक्रियेने ग्रंथी काढता येते. स्तनाग्राच्या कडेने छोटा छेद घेतात, व्रण फारसा दिसत नाही. सातव्या शतकातल्या ग्रीक वैद्यांनीही असल्या शस्त्रक्रियेचे वर्णन लिहून ठेवले आहे, म्हणजे हा काही आजच्या पिढीचा रोग नव्हे. वाढ सुरू असताना घाई केली तर पुन्हा उद्भवू शकते. ज्यांना सैन्यात जायचे आहे त्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, की भरतीच्या वैद्यकीय तपासणीत छाती पाहतात आणि ग्रंथीची स्पष्ट वाढ असली तर अडवतात. ऐन भरतीच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा वर्षभर आधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जनना दाखवावे. जखम भरायलाही काही महिने हवेत.

आता दोन शब्द त्या मुलाशीच. बाळ, हा अंक तुझ्या हाती पडला असेल तर वाच. तुझ्या वर्गात तुझ्यासारखी आणखी आहेत, ती तुझ्यासारखीच सदरा ओढून बसली आहेत. छातीला पट्टी बांधू नकोस. दम लागतो, घामाने नायटा होतो. सुती, बाह्यांचे बनियन आणि त्यावर जरा जाड कापडाचा, गडद किंवा चौकड्यांचा सैल सदरा घाल. खेळताना अंगासरशी बसणारे बनियन चालते, करकचून नको. वाकून चालू नकोस, वाकल्याने छाती जास्त दिसते. चेंडू लागून दुखले तर चार दिवस बाजूला बस, पण खेळ सोडू नकोस. पोहायचे असेल तर बनियन घालून पोह, विहीर काही विचारीत नाही. कोणी चिडवले तर मारामारी नको आणि पळणेही नको. "वयात येताना होतं, जातं," एवढे बोल आणि पुढे चालू लाग. चिडवणाऱ्याला दुसरे वाक्य सुचत नाही. घरात आईला सांगता येत नसेल तर मामाला सांग, काकाला सांग, आवडत्या गुरुजींना सांग.

आणि घरच्यांनी? बापाने पाहुण्यांसमोर एकदा थट्टा केली की पोरगा वर्षभर त्याच्याजवळ बसत नाही. आत्या-काकूंनी 'आमच्या पोराला पोरी आल्या' म्हणून हसणे बंद करावे. छाती हात लावून पाहण्याची सवय तर घरात कोणालाच नको. वसतिगृहात, आश्रमशाळेत मुले राहात असतील तर न्हाणीघराला दार आहे का, एवढे तरी पालकांनी पाहून यावे. नसेल तर मागावे. शाळेत चिडवण्याची मजल उघडे फोटो काढून मोबाइलवर फिरवण्यापर्यंत गेली तर मुख्याध्यापकांना तोंडी नव्हे, लेखी द्या आणि पोच घ्या. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, अर्ज आला की शाळेला तो दप्तरी दाबून ठेवता येत नाही. शिक्षकांनीही कवायतीला किंवा कबड्डीला 'सदरे काढा' असा हुकूम सोडण्यापूर्वी एखादा मुलगा मागे का सरकतो आहे ते पाहावे.

जाता जाता एक. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर फवारणीचा पंप देऊ नका. तो छातीवर परिणाम करतो म्हणून नव्हे. ती विषेच आहेत, आणि २०१७ साली यवतमाळ भागात कापसाच्या फवारणीत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

दाखवायला जाताना गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली तो महिना, चालू औषधांच्या रिकाम्या पाकिटांसह, आठवणीने न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. सहा महिन्यांनी बोलावले तर सहा महिन्यांनी जा, मधेच दुसरा वैद्य गाठू नका.

हरभऱ्यावरील घाटेअळीच्या कामगंध सापळ्यांबद्दल ज्यांनी विचारले आहे, त्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो.